हात न लावण्याची मजुरी

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाची एक पिढी सदनिकेत स्थिरावली, दुसरीने तेथे प्लायवुडची कपाटे ठोकून घेतली आणि तिसरीला त्या कपाटांचा वीट येऊ लागला, म्हणजे त्या घराण्याच्या इतिहासात एक असे वर्ष उगवते की, ज्या वर्षी गावाकडच्या घराच्या माळ्यावर अथवा गोठ्याच्या आडोशाला निमूटपणे आयुष्य कंठीत पडलेल्या एखाद्या लाकडी वस्तूस अकस्मात पूर्वजांचा दर्जा प्राप्त होतो. तोपर्यंत त्या वस्तूवर नारळांची पोती, तीनपैकी दोनच पाती शिल्लक राहिलेला पंखा आणि गणपतीच्या मखराचे सामान यांची वहिवाट निर्वेध चालू असते, आणि तिच्याविषयी कोणी बोललेच तर ती एकदाची फोडून बंबात घालावी काय, एवढ्यापुरतेच बोलते. परंतु कोणा स्नेह्याच्या दिवाणखान्यात तशीच एखादी वस्तू, वरून पिवळा दिवा सोडलेली आणि शेजारी पितळी घंगाळात सुकलेली फुले मांडलेली, अशी दृष्टीस पडते, तिची किंमत हलक्या आवाजात सांगितली जाते, आणि परतीच्या वाटेवर गाडीतच "आमच्याकडे याहून मोठी आहे" असा दावा दाखल होतो. दाव्याच्या शाबितीसाठी मग गावाकडे टेम्पो धाडावा लागतो.

आमचे एक आप्त, ज्यांना सारी आळी भाऊसाहेब म्हणते, यांच्या घरी अशाच रीतीने एक शिसवी कोच येऊन दाखल झाला. दोन माणसे ऐसपैस आणि तीन माणसे भांडून बसतील एवढा त्याचा विस्तार. पाठीवर वेली, वेलींत पोपट, पोपटांच्या मधोमध एक फळ, जे आंबा की अननस याचा निर्णय कारागिराने पुढील पिढ्यांवर सोपवलेला. दोन्ही हातांच्या टोकांस सिंहाची मुखे, आणि त्यांपैकी एका सिंहाचा खालचा जबडा गहाळ. बैठकीचा वेत इतका लोंबलेला की, त्यावर बसणारास आपण बसलो आहोत की पडलो आहोत, याची खात्री जमिनीला हात लावून करावी लागे. चार हमालांनी तो तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि त्यांपैकी वडीलधाऱ्या हमालाने, घाम पुसता पुसता, "खाली उतरवायचा असेल तर दुसरी माणसं बघा" असे निक्षून सांगितले.

कोच आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची बखर रचली गेली. भाऊसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांच्या पणजोबांना एका संस्थानाधिपतींनी खूश होऊन नजर केला होता. पणजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, ही गोष्ट सर्वश्रुत असल्यामुळे, संस्थानाधिपतींना त्यांच्यावर इतके खूश होण्याचे कारण काय पडले असावे, हा प्रश्न उपस्थितांपैकी प्रत्येकाच्या मनात येऊन गेला आणि कोणाच्याही ओठांवर आला नाही. वास्तविक बदली झालेला गोरा अंमलदार आपले सामानसुमान लिलावात काढी आणि कचेरीतील मंडळी ते पडत्या भावात उचलीत, हा त्या काळचा राजरोस व्यवहार होता; परंतु लिलावातील पावती दिवाणखान्यात लावता येत नाही आणि राजाची मर्जी लावता येते, त्यामुळे इतिहासाचा कल कोणत्या बाजूस झुकणार हे ठरलेलेच असते. वयाच्या बाबतीतही तोच न्याय. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने एखादी वस्तू पुरावशेष ठरण्यास किमान शंभर वर्षांची अट घातली आहे, आणि हस्तलिखितांना तीत सवलत देऊन ती पंचाहत्तरांवर आणली आहे. आमच्या घराण्यांच्या स्मरणशक्तीस ही मर्यादा अगदीच कंजूष वाटत असल्यामुळे, कोणतीही वस्तू दीडशेच्या खाली बोलायचीच नाही असा प्रघात आहे. पुण्यात तर त्यावर आणखी एक मोहर उमटवण्याची सोय आहे. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून मुठेला जो पूर आला, त्यात नदीकाठच्या वाड्यांतील पलंग, पेटारे आणि देव्हारे वाहून गेले, कुजले, मोडले, हे दुःखद सत्य होय. पण आज ज्या ज्या फर्निचरच्या पायाशी पाण्याचा डाग आहे ते सारेच त्या पुरातून वाचलेले आहे असे धरून चालल्यास, त्या दिवशी मुठेला पाण्यापेक्षा लाकूडच अधिक आले असावे असे अनुमान निघते. फरशी पुसणाऱ्या बाईच्या ओल्या फडक्यानेही तस्साच डाग पडतो, ही गोष्ट त्या बाईखेरीज कोणी बोलत नाही.

कोच मात्र खरोखरीच जुना होता, आणि त्याचा पत्ताही त्याच्या अंगावरच लिहिलेला होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कोटात, मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्तर मार्गावर आणि त्याच्या आसपास, शिसवी सामान घडवणाऱ्यांची मोठी पेठ होती. घाट विलायती आणि अंगावरची नक्षी एतद्देशीय, अशा त्या मिश्र संततीला पारशी शेठियांच्या बंगल्यांत आणि साहेबांच्या दिवाणखान्यांत सारखाच मान मिळे. लाकूड काळसर जांभळे, जड आणि चिवट. कोरायला कठीण, पण एकदा कोरले की धार सोडत नाही. हे सामान घडवणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरलेली दिसते की, लाकडाचा एक बोटभरही भाग कोरा राहिला तर गिऱ्हाईक त्याचे पैसे कापून घेईल. परिणामी पाठीवरच्या प्रत्येक पानाला शिरा आहेत, प्रत्येक शिरेच्या बुडाशी खाच आहे आणि प्रत्येक खाचेत दीड शतकाची धूळ आहे. ज्या घरात धूळ झटकायला पाच गडी होते त्या घरासाठी निघालेली ही वस्तू, जेथे एक मोलकरीण आठवड्यातून चार दिवस येते आणि त्यांपैकी दोन दिवस रजेवर असते, अशा घरात येऊन पडली, म्हणजे पोपटांचे पुढे काय होणार हे सांगायला नको.

अर्थात हे काळसर जांभळे लाकूड कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हते, कारण कोचाला आकाशी रंगाचा तैलरंग फासलेला होता. आमच्या समाजाने लाकडावर जे अत्याचार केले आहेत त्यांत तैलरंगाचा क्रमांक वाळवीच्याही वरचा आहे, आणि वाळवीच्या बाजूने एवढे म्हणता येते की ती लग्नकार्याचे निमित्त शोधत नाही. घरात कार्य निघाले की भिंतींना चुना आणि उरलेल्या रंगाच्या डब्यातून लाकडाला हात, हा शिरस्ता पिढ्यानपिढ्या चालत आल्यामुळे, सिंहाच्या उजव्या डोळ्याशी नखाने खरवडताच आकाशी रंगाखाली गुलाबी, गुलाबीखाली पोपटी आणि पोपटीखाली सरकारी कचेरीतला चॉकलेटी असे थर निघाले. कुटुंबातील ज्येष्ठ मंडळी भोवती जमली आणि प्रत्येक थराचा कालनिर्णय सुरू झाला. पोपटी रंग थोरल्या काकांच्या मुंजीचा, याविषयी एकमत झाले. चॉकलेटी रंग आजोबांनी कचेरीतून आणला असावा, येथवर मजल गेल्यावर, आणला म्हणजे कसा आणला, हा विषय तहकूब ठेवण्यात आला. गुलाबी रंगावर मात्र दोन जावांचे जुंपले; तो रंग कोणी पसंत केला याची जबाबदारी दोघीही एकमेकींवर ढकलू लागल्या, आणि चाळीस वर्षे शांत असलेले एक प्रकरण, त्यातील नथ, मोठ्या नणंदेचा मानपान आणि न दिलेले आमंत्रण या सर्व जोडपत्रांसह, नव्याने सुनावणीस आले. भाऊसाहेब म्हणाले, "सगळाच खरवडून काढा, म्हणजे मिटलं."

खरवडण्याच्या या उत्साहाविरुद्ध इंग्लंडात एकेकाळी मोठे वादळ उठले होते. जॉन रस्किन याने १८४९ सालीच असे मत मांडले होते की, जुन्या वास्तूचे तथाकथित पुनरुज्जीवन म्हणजे तिचा समूळ नाश होय. आणि त्याच पंथातील विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ जी संस्था काढली, तिला खुद्द तिचे सभासद घरगुती लाडाने खरवडविरोधी मंडळ म्हणत. जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून, शतकानुशतकांचे सारे थर उडवून, त्यांना मूळच्या कोवळेपणाला पोचवणाऱ्या वास्तुविशारदांवर मॉरिसचा राग होता. त्याच काळात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक नावाचे एक तितकेच विद्वान गृहस्थ याच्या नेमके उलट सांगत होते. त्यांच्या मते वास्तूचा जीर्णोद्धार करणे म्हणजे तिला अशा परिपूर्ण अवस्थेस नेणे की, जी अवस्था कदाचित कोणत्याही काळी अस्तित्वातच नव्हती. भाऊसाहेबांनी या दोघांपैकी कोणाचेही नाव ऐकलेले नव्हते, तथापि ते जन्मतःच त्या फ्रेंच गृहस्थांचे अनुयायी होते. त्यांना कोच असा हवा होता की, तो काल कारखान्यातून निघाल्यासारखा चकाकावा आणि दीडशे वर्षांचा आहे हेही पाहताक्षणी कळावे. या दोन अटी परस्परविरोधी आहेत, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी, पैसे आपण देत आहोत, याकडे लक्ष वेधले असते.

मॉरिसचा पंथ त्या घरात आला तो मिस्त्रींच्या रूपाने. साठी उलटलेला, कानात पेन्सिलीचा तुकडा खोचलेला हा गृहस्थ आला, त्याने हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली, आणि पहिला तासभर कोचाला स्पर्शसुद्धा केला नाही. तो त्याच्याभोवती फिरला. चहा झाल्यावर पुन्हा फिरला. मग पथारी मागवून कोचाखाली उताणा निजला आणि तेथूनच बोलू लागला. जुन्या लाकडाचे वय तोंडावर कळत नाही, तळाशी कळते; कारण तोंड रंगवणारे पुष्कळ असतात आणि तळ कोणी पाहत नाही, असा त्याचा सिद्धांत होता. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या उमटतात, यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात; टोकदार स्क्रू यंत्रावर धडाक्याने निघू लागले ते १८५० च्या सुमारास, त्यापूर्वीच्या स्क्रूची टोके बोथट आणि माथ्यावरच्या खाचा जरा बाजूला सरकलेल्या असतात. सांध्यांना नाक लावून त्याने हुंगले, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केले, आणि पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला पटाशीने केसाएवढा ओरखडा काढून तो कपचा नाकाशी धरल्यावर, बाहेर येऊन जाहीर केले की, कोच सव्वाशेच्या आतबाहेरचा आहे, लाकूड अव्वल आहे, मात्र पुढचे दोन पाय त्याचे नव्हेत. ते सागवानी असून काळा हात देऊन शिसवात खपवलेले आहेत. मूळचे पाय ओलीने कुजले असावेत आणि गावातल्याच कोणी सुताराने हे बसवले असावेत.

यावर जी शांतता पसरली तिचे वर्णन करणे कठीण आहे. आपल्या घराण्यात कोणी दत्तक आलेला आहे हे ऐकून घ्यायची तयारी माणसांत असते. कोचाच्या बाबतीत ती नसते. भाऊसाहेबांनी मिस्त्रींना पायांविषयी पुन्हा कधी बोलू दिले नाही.

जुने सामान दुरुस्त करण्याच्या विद्येत जे मर्म आहे ते असे की, आज आपण जे करू ते उद्याच्या कारागिराला, लाकडाला इजा न करता, उलटवता आले पाहिजे. या दृष्टीने पूर्वीच्या सरसाची बरोबरी कशाला नाही. सांध्यातील कुसू खाचेत बसवताना तो गरम करून लावीत. सुकल्यावर तो लोखंडासारखा धरतो, आणि ऊब व ओल मिळाली की पुन्हा सैल होतो, म्हणजे भांडणही पक्के आणि तडजोडीला जागाही ठेवलेली. अलीकडचा पांढरा गोंद एकदा बसला की सोडायचे नाव घेत नाही, आणि मग सांधा उकलताना गोंदाऐवजी लाकूडच फाटते. मिस्त्रींनी गच्चीत स्टोव्ह मांडून, एका डब्यात पाणी आणि त्यात दुसरा डबा ठेवून सरस शिजवायला घेतला, तेव्हा त्याचा दरवळ जिन्याने उतरत उतरत तळमजल्यापर्यंत गेला आणि सोसायटीच्या चिटणिसांकडे लेखी फिर्याद पोचली. त्या निमित्ताने वहिनींनी सरस कशाचा करतात याची पृच्छा केली, आणि जनावरांचे चामडे व हाडे उकळून, हे उत्तर मिळाल्यावर त्या मटकन खाली बसल्या. बसल्या त्या त्याच कोचावर, पण ते त्यांच्या ध्यानात आले नाही. ज्या कोचावर सासूबाई सोवळ्यात बसून जपमाळ ओढीत, तो आजवर चामड्यावर टिकून होता, हा धक्का घराण्याने पचवला तो, जुना सरस आता वाळून कोळ झाला असल्यामुळे त्यास दोष लागत नाही, अशी तोड एका आतेसासूबाईंनी काढल्यावर.

सखोल विचार केला तर कोणत्याही जुन्या लाकडी वस्तूचे संपूर्ण अस्तित्व जीवजंतूंच्या मेहेरबानीवर अवलंबून असते. तिचे सांधे गुरांचे, तिच्यावरचे मेण मधमाश्यांचे, आणि तिच्यावरचे पॉलिश हे तर पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांच्या डहाळ्यांवर वस्ती करणाऱ्या लाखेच्या किड्यांचे. तेवढ्या तेवढ्या जिवांनी अंगातून पाझरवलेली राळ खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. त्याला पॉलिशवाले चपडा म्हणतात. एका किड्याने घातलेल्या या वस्त्राला दुसरा किडा पोखरतो. आमच्या कोचाच्या मागच्या चौकटीला, जी हलक्या लाकडाची होती, भुंगा लागलेला होता. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली मैद्यासारखी भुकटी. शिसवाच्या गाभ्याला तो दात लावत नाही. त्याला हवे असते लाकडाचे बाहेरचे पांढरट, पिठूळ अंग. मिस्त्रींनी दवाखान्यातली सुई आणून प्रत्येक भोकात औषध सोडले. भोके इतकी होती की, ते काम संपेपर्यंत शेजारच्या मुलांना इंजेक्शनाची भीती वाटेनाशी झाली.

लाखेचा आणि भारतीय गृहरचनेचा संबंध किती प्राचीन आहे हे सांगताना महाभारताचा दाखला टाळणे अशक्य आहे. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी बांधलेले जतुगृह म्हणजे, पॉलिशचा अतिरेक झाला असता काय होते, याची आमच्या वाङ्मयातील पहिली कैफियत होय. धर्मराज त्या घरात शिरले आणि लाख, तूप व चरबी यांचा वास येताच त्यांनी भीमाला कारस्थानाची कल्पना दिली. म्हणजे सामानाची परीक्षा नाकाने करणारे ते आद्य जाणकार होत, आणि आमचे मिस्त्री त्यांच्याच परंपरेतले. फरक इतकाच की, धर्मराजांना घर पसंत नसतानाही आत राहून घाई न करता संधीची वाट पाहणे भाग होते आणि मिस्त्रींना भाऊसाहेबांच्या घरी तेच भाग पडले.

कारण मध्येच पाऊस सुरू झाला, आणि पावसाळ्यात चपड्याचे पॉलिश करू नये हा त्या धंद्यातला जुना नियम आहे. चपडा स्पिरिटात विरघळवून, जुन्या मऊ कापडात कापूस बांधून त्याच्या बोळ्याने गोल गोल फिरवत, पातळाहून पातळ असे थरावर थर चढवायचे. हवा दमट असली की स्पिरिट उडताना ओल आत अडकते आणि झिलईवर दुधाळ पांढुरका धूर धरतो. वहिनींना हे पटले नाही. कामचुकार माणसे पूर्वी गुडघेदुखी सांगत, आता हवामान सांगतात, असे त्यांचे मत पडले.

या स्पिरिटाची हकीगत मात्र स्वतंत्र बखर लिहिण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, १९४९ चा कायदा झाला, आणि तहानलेल्या नागरिकांच्या लक्षात आले की, कोपऱ्यावरच्या सुताराकडे जो डबा आहे त्यात, लाख बाजूला ठेवली तर, बाकी मद्यार्कच आहे. विषारी केलेल्या त्या मद्यार्काने कित्येकांचे डोळे गेले, प्राण गेले. तरी पिणारे निघतच राहिले, आणि अखेर सरकारला कायद्याच्या व्याख्यांतच फ्रेंच पॉलिश आणि व्हार्निश यांची नावे घालून त्यांना दारूच्या पंक्तीला बसवावे लागले. पॉलिशवाल्या कारागिरावर त्यामुळे जो प्रसंग ओढवला असेल त्याची कल्पना करावी. खुर्ची चमकवण्यासाठी त्याने स्पिरिट मागितले की दुकानदार आधी त्याच्या तोंडाचा वास घेणार. आणि त्याच्या तोंडाला वास येत नसला तर, हा माणूस धंद्यात नवखा दिसतो, असे समजणार. मिस्त्रींच्या गुरूंची अशी आख्यायिका आहे की, घरधन्याने स्पिरिटाचा हिशेब मागितला तेव्हा ते म्हणाले, "अर्धं कपाटाला लागलं, अर्धं मला, कपाट उभं आहे, मीही उभा आहे."

पॉलिश तहकूब झाल्याने मिस्त्रींनी कोचाच्या खालच्या खणाकडे मोर्चा वळवला. हा खण चैत्रात हाताच्या झुळकीने सरके आणि आषाढात दोघांनी ओढूनही जागचा हलत नसे. लाकूड कापून, वाळवून, कोरून, राजाने नजर करून झाले तरी हवेतली ओल पिणे सोडत नाही. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही, पण रुंदीत दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आकसते. जुने सुतार फळी चौकटीत बसवताना तिला सर्व बाजूंनी जखडत नसत, आत किंचित मोकळी ठेवीत, ती याच वर्तणुकीची कदर करून. भाऊसाहेबांना खण तत्काळ रंध्याखाली घालून बारीक करून हवा होता. मिस्त्रींनी त्याच्या कडांना मेणबत्ती घासली आणि दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले. दिवाळीला खण आपोआप सरकू लागला. मेणबत्तीचे चार आणे आणि थांबण्याचे काही नाही, असा भाऊसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब धरला. पुढे जो बखेडा झाला त्याचे मूळ येथे आहे.

वेताचे कामही असेच निघाले. लोंबलेली बैठक उखडून तेथे फोम बसवावा, असा घरातील तरुण पिढीचा ठराव होता. मिस्त्रींनी खालच्या अंगाने कढत पाण्यात बुडवलेले फडके फिरवले, कोच उन्हात ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी बैठक ताणून वर आली. कारण भिजलेला वेत वाळताना आवळतो. उरलेल्या निम्म्याला खरोखर नवी विणाई लागली. या विणाईसाठी काठाला रांगेने भोके असतात आणि वेत उभा, आडवा, तिरपा असा फिरून अष्टकोनी जाळी तयार होते. मिस्त्रींनी आणलेला विणकर दृष्टिहीन होता. अनेक अंधशाळांतून हे काम शिकवीत आलेले आहेत, आणि त्याची बोटे भोकांवरून ज्या वेगाने चालली ते पाहताना डोळस मंडळींना आपल्या डोळ्यांचा फारसा उपयोग करता येत नाही हे जाणवले. त्याला एकच गोष्ट खटकली. "इथं मधोमधच वेत का खचलाय?" असे त्याने विचारले, आणि ज्यांच्या वजनाचा हा इतिहास होता ते आतल्या खोलीत निघून गेले.

या क्षेत्रात ज्यांना नशिबाने हात न लावण्याचे पैसे मिळतात अशी एकच जात आहे, ती म्हणजे वस्तुसंग्रहालये. तेथे कोपऱ्याकोपऱ्यात "कृपया हात लावू नये" अशी पाटी असते, ती पाळली जाते की नाही हे पाहायला एक पगारी माणूस असतो, आणि त्या दालनात ज्याच्यावर खरोखर कोणी बसलेले आहे असे एकमेव फर्निचर त्याच्या बुडाखालचे स्टूल असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे, झरोके, देव्हारे यांचा जो थाट आहे, तो दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजेच कवी अज्ञातवासींनी, इतरांनी अडगळ ठरवलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा करून उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. कोथरूडचा मस्तानीचा महाल तेथे पुन्हा उभारलेला आहे. तो पाहून भाऊसाहेब एवढेच म्हणाले की, एक हात पॉलिशचा मारला असता तर बरे झाले असते.

बाजारात मात्र सगळाच हात लावण्याचा धंदा. वाडा पाडला की त्याच्या दाराला चार पाय फुटून त्याचे जेवणाचे मेज होते आणि जेवणारांच्या कोपरांना कड्याकोयंडे बोचत राहतात. कोऱ्या सागाला चहाचे पाणी पाजून आणि साखळीने बडवून शंभर वर्षे आठवड्यात आणली जातात. इराण्यांच्या उपाहारगृहांतील त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे नशीब तर पाहण्यासारखे उघडले. मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये काढलेली ती चौदा क्रमांकाची खुर्ची म्हणजे सहा लाकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. छत्तीस खुर्च्या सुट्या करून एका घनमीटरच्या खोक्यात मावत. साध्या माणसाने बसून चहा प्यावा म्हणून निघालेली, जगात कोट्यवधींनी खपलेली ही वस्तू आता एकेकटी, दोरी बांधून, "बसू नये" या अटीवर विकली जाते.

तर मार्गशीर्षात काम संपले. तैलरंगाचे चारही थर कॉस्टिक न वापरता, कापसाने आणि सबुरीने उतरले होते; सांधे घट्ट होते; भुंगा नाहीसा झाला होता; आणि कोच त्याच्या खऱ्या रंगात, हातांवर पिढ्यांच्या तळव्यांनी आलेल्या मंद झिलईसह, सिंहाचा जबडा तसाच गहाळ ठेवून, उभा होता. वहिनींनी प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "मिस्त्री, केलंत काय?" मग हिशेबाचा कागद निघाला. त्यात सरस, चपडा, वेत यांच्या खाली एक बाब होती: "पाठ, हात आणि जबडा, काही केले नाही," आणि समोर मजुरीतील सर्वात मोठी रक्कम.

भाऊसाहेबांनी आयुष्य लेखापरीक्षणात काढलेले होते. न केलेल्या कामाची देयके त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण तसे कागदावर कबूल करणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. दोन दिवस घासाघीस झाली. "हात लावायला आठवडा पुरतो, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाले, "कुठं लावायचा नाही ते ठरवायला पावसाळा गेला." भाऊसाहेब म्हणाले, पावसाळा सर्वांचाच गेला. अखेरीस वहिनींनी मध्यस्थी करून असे ठरवले की, पाहुण्यांना दाखवण्याजोगे काहीतरी चकचकीत करून द्यावे आणि ठरलेली पूर्ण रक्कम न्यावी. मिस्त्रींनी क्षणभर कोचाकडे पाहिले, पुढचे दोन पाय निवडले, आणि त्यांवर तीन दिवस चपड्याचे असे काही थर दिले की, त्यांत समोरच्या दूरदर्शन संचाचे चित्र उलटे दिसू लागले.

पुढल्या रविवारी मंडळी जमली. अमेरिकेहून आलेल्या भाचेजावयांनी पाठीवरच्या पोपटांकडे नुसती नजर टाकली, गुडघ्यावर बसून त्या पायांवरून हात फिरवला आणि, शिसव ते शिसव, असे लाकूड आता जन्मात मिळायचे नाही, असा अभिप्राय दिला. भाऊसाहेबांनी तो दोनदा म्हणवून घेतला. मिस्त्री बाकी न्यायला दाराशी आलेले होते. त्यांनीही मान डोलावली, आणि नोटा मोजून घेतल्या.